तीस लाख वस्तीचं गाव

माझा धाकटा भाऊ प्रताप अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला लागला की घरातली माणसं एकेक करून उठतात. कोणाला गॅसवर दूध आठवतं, कोणाला फोन येतो. मी उठत नाही. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, शिवाय राज्यशास्त्रात एम.ए., म्हणजे त्याला मधेच तोडायचा हक्क माझ्याकडे दोन बाजूंनी येतो.

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते असं वडील सांगायचे. कोणत्या लढाईत काय केलं हे विचारलं की त्यांना खोकला यायचा. प्रतापकडे घोड्याऐवजी वीज मंडळातली कारकुनी आली, पण आवाज फौजेतलाच राहिला. बिलाची तक्रार घेऊन आलेला माणूस त्याचं 'नमस्कार' ऐकूनच अर्धा नरम व्हायचा. जग त्याला प्रतापराव म्हणतं. मी म्हणत नाही.

निवडणुकीचं वेड त्याला नोकरीतच लागलं. इलेक्शन ड्यूटी आली की इतरांच्या कमरा धरायच्या, डॉक्टरचे दाखले निघायचे. हा मात्र साहेबांकडे जाऊन मागून घ्यायचा, आणि तीही देपालपुरकडच्या एखाद्या आडगावची. परत आला की आठवडाभर तेच. "ताई, शहरातला माणूस बटण दाबतो नि विसरतो. खेड्यातला माणूस पाच वर्षं त्यावर बोलतो. मत दोघांचं एकच, पण वजन बघ!"

मुलगी उर्वी शिकागोला गेली आणि याचं देपालपूर एकदम सातासमुद्रापार पसरलं. त्यानं तिच्याकडून अमेरिकेचा भलामोठा नकाशा मागवला, काउंटीवार आखलेला. काउंटी म्हणजे त्यांची तहसील, हे त्यानं मला समजावलं. मला! तिथं एका पक्षाचा रंग लाल, दुसऱ्याचा निळा. रंग आणायला बाजारात कोण जाणार? म्हणून लालसाठी देव्हाऱ्यातलं कुंकू, निळ्यासाठी कपड्यांची नीळ. स्वयंपाकघरात, जिथं आधी कालनिर्णय टांगलेलं असायचं, तिथं हा नकाशा. २०२४च्या नोव्हेंबरात निकाल लागत गेले तसा हा बोटानं रंगवत गेला. जिथं शेतं तिथं कुंकू, जिथं उंच इमारती तिथं नीळ. शेवटी सगळी अमेरिका हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसायला लागली, फक्त मधे मधे धोब्याचा हात लागलेला.

"बघ ताई. शहर निळं, खेडं लाल. कॉलेजात गेलेले जास्त इकडे, न गेलेले जास्त तिकडे. बायका थोड्या इकडे झुकतात, पुरुष तिकडे."

"आणि नवरा-बायको?"

"घरात एकच रंग. चूल एक, मत एक."

"तुला काय ठाऊक, पडद्याआड बाई कोणतं बटण दाबते ते?"

"मी तीस वर्षं पडद्याबाहेर बसलोय!"

"बाहेरच बसलायस ना," मी म्हटलं. पण तो ऐकेल तर शपथ.

त्याच नोव्हेंबरात हे सगळं आमच्या घरात शिरलं. उर्वीचं ट्रॅव्हिस नावाच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा चांगला, इंजिनीअर, शिकागोत तिच्याच ऑफिसात. प्रतापच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून पहिल्या दिवसापासून तो त्याला त्रिविक्रम म्हणतो, आणि मुलगा 'ओ' देतो. त्रिविक्रमचे वडील डेल आयोवातले शेतकरी. मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन, गावात नऊशे डोकी. म्हणजे पक्के कुंकवातले. आमची उर्वी निळीतली, मत द्यायचा हक्क नसताना दारोदार प्रचाराला हिंडलेली. त्यांचा नोव्हेंबरात एक सण असतो, त्यात टर्की भाजतात आणि भांडतात. निकालानंतर तीन आठवड्यांनी हा सण. जेवणाच्या टेबलावर विषय निघाला आणि आमची हुशार मुलगी होणाऱ्या सासऱ्याला तोंडावर म्हणाली, "तुम्हा गावाकडच्या लोकांना कळतच नाही."

डेलनं काटा खाली ठेवला. म्हणाला, "लग्न खुशाल करा. मी कुठल्या शहरातल्या लग्नाला येणार नाही."

तो नंतर वर्षभर हललाच नाही. आणि त्रिविक्रमनं सांगून टाकलं, की वडील समोर नसतील तर मी लग्नाला उभा राहणार नाही. उर्वी फोनवर रडली. मी तिला म्हटलं, माफी माग. ती म्हणाली, "मागितली आत्या, चार वेळा मागितली. ते म्हणतात, माफी बरोबर आहे, पण तुझं मत तेच आहे."

"मी बोलतो व्याह्यांशी," प्रताप म्हणाला. मी देव आठवले.

प्रतापचं इंग्रजी वीज मंडळाच्या फायलींमधून आलेलं. व्हिडिओ कॉल लागला तसा यानं शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सुरुवात केली, "सर, विथ रेफरन्स टू युवर सन." पलीकडे टोपी घातलेला लालबुंद माणूस, शेजारी त्याची बायको लिंडा, चष्मा नाकावर, हातात विणकाम.

"सर, कम टू माय व्हिलेज," प्रताप म्हणाला.

डेल पुढे झुकला. "व्हिलेज?"

"इंदोर! माय व्हिलेज, माय फादर्स व्हिलेज. आय विल रिसीव्ह यू ॲट द बाउंड्री ऑफ व्हिलेज. वॉश फीट. देन एंटर!"

इथं मला थांबून सांगायला हवं. आम्ही मराठी माणसं राजवाड्याला साडी घ्यायला निघालो तरी 'जरा गावात जाऊन येते' म्हणतो. कोणी भेटलं की 'गाव कोणतं तुमचं' विचारतो, आणि समोरच्यानं मुंबई सांगितलं तरी कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही. प्रतापनं त्या 'गावा'चं इंग्रजी केलं. डिक्शनरीत बघून केलं असतं तरी हेच झालं असतं.

"तिथं पिकतं काय?" डेलनं विचारलं.

"सोयाबीन, सर."

डेलनं टोपी मागे सारली. मग दोघं सोयाबीनवर जे सुटले! पिवळ्या मोझॅकचा रोग, भाव, पावसानं दिलेला दगा. लिंडाचं विणकाम वीतभर वाढलं. शेवटी डेल म्हणाला, "प्रताप, मी तुला सांगतो गाव म्हणजे काय. शिकागोत माझा ट्रक पंक्चर झाला. दोन तास उभा होतो, एक माणूस थांबला नाही. माझ्याकडे असे बघत गेले जसा मी रस्त्यावरचा खड्डा. जिथं तुमची गाडी बंद पडली की लोक थांबतात, ते गाव."

"सेम, सर! सेम टू सेम!"

डेल डिसेंबरात यायला तयार झाला. फोन ठेवला तसा उर्वीचा आला. "बाबा, तुम्ही त्यांना झूठ सांगितलंत! इंदूर काय व्हिलेज आहे? तीस लाख लोक आहेत!"

"मग? माझं गाव नाही?"

"अरे, व्हिलेज म्हणजे खेडं," मी ओरडले. "परत फोन कर आणि सिटी म्हणून सांग."

"'माय सिटी' म्हटलं की बँकेचं नाव वाटतं, ताई. मी खोटं बोललो नाही, मी बदलणार नाही." आणि तो चहा प्यायला लागला. उर्वीनं तिकडे त्रिविक्रमला सांगितलं. त्रिविक्रम हसत सुटला आणि म्हणाला, राहू दे, आधी विमानात तर बसू देत.

आता दुसरी भानगड. सीमांतपूजन. आपल्यात वऱ्हाड गावच्या शिवेवर पोचलं की मुलीकडचे जाऊन नवऱ्या मुलाचे पाय धुतात, ओवाळतात, मग वाजतगाजत गावात आणतात. हल्ली हे कार्यालयाच्या दारातच उरकतात, केटररच्या टेबलाला खेटून. पण प्रतापनं शब्द दिला होता बाउंड्रीचा. म्हणजे इंदूरची शीव शोधणं आलं.

रविवारी आम्ही त्याच्या जुन्या मारुतीतून निघालो. आमच्या आजोबांच्या वेळी लालबागेपलीकडे शेतं होती म्हणे. आता लालबागेपलीकडे इतकं इंदूर आहे की त्यात आणखी एक शहर बसेल. बायपासला गेलो. बायपासच्या अलीकडे टॉवर, पलीकडे त्याहून उंच टॉवर. पुढच्या रविवारी सिमरोल. तिथं हरभऱ्याचं शेत दिसलं, प्रतापनं गाडी थांबवली, उतरला, आणि शेताच्या कडेला इंजिनीअरिंग संस्थेची पोरं लॅपटॉप मांडून कॉफी पीत बसलेली. "शीव सरकली," तो म्हणाला. त्यातल्या एकाला त्यानं विचारलं, "क्यों भिया, इंदौर कहां खत्म होता है?" पोरगा म्हणाला, "अंकल, अभी तो लोडिंग चल रहा है।"

शेवटी देपालपुरच्या रस्त्यावर सापडली. एका बाजूला 'लक्झरी प्लॉट'चा शेवटचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला गहू, लसूण, आणि एका बांधावर कापणीत राहून गेलेली सोयाबीनची वाळकी झाडं. अडचण एवढीच, की विमानतळाहून इंदूरला यायचं तर उजवीकडे वळायचं, आणि ही जागा डावीकडे. म्हणजे वऱ्हाडाला आधी गावाबाहेर न्यायचं, मग गावात आणायचं. प्रतापला यात काहीच विचित्र वाटलं नाही.

डिसेंबरात विमान उतरलं. आदल्या दिवशी उर्वी आली होती, तिची शिकागोची मित्रमंडळी हॉटेलात. तिचा जीव एका गोष्टीत अडकलेला. "बाबा, ते त्यांच्या पक्षाची ती लाल टोपी घालून येतील. माझे मित्र बघतील तर राडा होईल!"

"लाल टोपी?" प्रताप खूश झाला. "समाजवादी आहेत का व्याही?"

"बाबा!"

आणि डेल आला तो लाल टोपीतच. सहा फूट उंच, पंजा असा की माझा हात त्यात कोपरापर्यंत गेला. लिंडा मागून, पर्समध्ये विणकाम, आणि बॅगा ओढत त्रिविक्रम. आम्ही सगळे, उर्वीची मित्रमंडळी धरून, मिनी बसमध्ये. ड्रायव्हरनं डावीकडे वळताना तीनदा विचारलं, "भिया, शादी इंदौर में है ना?"

शिवेवर चौरंग मांडला. प्रतापची बायको जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून जोडीला मी बसले, गुडघे कुरकुरत. त्रिविक्रमचे पाय धुतले, कुंकू लावलं, नारळ दिला. मग व्याहीभेट. प्रतापनं डेलला फेटा बांधायचा, तर आधी टोपी काढणं भाग. काढलेली टोपी शेतातल्या मातीत ठेवायची कशी? प्रतापनं ती स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि डेलला गुलाबी फेटा बांधला. दोघांनी मिठी मारली. उर्वीच्या कोणत्या तरी मैत्रिणीनं फोटो काढून पाठवलाही. तिकडे शिकागोत म्हणे त्या फोटोवर अजून चर्चा चालू आहे, की वधूपिता नक्की कोणत्या बाजूचा.

डेल मात्र बांधावर गेला, वाळक्या झाडाची एक शेंग तोडली, बोटात फोडली. "सोय," म्हणाला, आणि त्याचे डोळे असे झाले की उर्वीनं माझा हात दाबला. "तुझं घर कोणतं?" त्यानं प्रतापला विचारलं. प्रतापनं पूर्वेकडे हात केला. "देअर. इन व्हिलेज."

बस निघाली. विमानतळ पुन्हा आला. मग मेट्रोचे खांब आले. मग मॉल. मग काचेची बिल्डिंग, तिच्यामागे काचेची बिल्डिंग. डेल एकेका खिडकीतून बघत होता. फेट्याचा शेमला मानेवरून पुढे आलेला, चेहरा हळूहळू विटत चाललेला.

"प्रताप," तो म्हणाला, "तुझ्या व्हिलेजमध्ये किती लोक राहतात?"

"थर्टी लाख, सर!" प्रताप छाती काढून म्हणाला. "थ्री मिलियन!"



"तुझी मुलगी मला तोंडावर गावठी म्हणाली," डेल हळू म्हणाला. "ते निदान सरळ होतं. तू मला गोड बोलून शहरात आणलंस. बस थांबवा."

त्रिविक्रम पांढरा पडला. पांढऱ्या माणसाला आणखी पांढरं पडता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. उर्वी उठली. आणि ड्रायव्हरला कोणी काही सांगायच्या आत खालून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, बस एका अंगाला कलली आणि बडा गणपतीच्या चौकात, ऐन गर्दीत, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टायर.

डेल उतरला. बॅग घेऊनच उतरला. आम्ही सगळे मागे.

तोवर लोक जमायला लागले होते. पहिला स्कूटरवाला: "क्या हुआ भिया?" दुसरा: "स्टेपनी है?" तिसरा खाली वाकून टायर बघून उठला आणि चौथ्याला म्हणाला, टायर गया. चौथ्यानं स्वतः वाकून बघितलं आणि तेच पाचव्याला सांगितलं. पानवाला दुकान टाकून आला. "अरे प्रतापराव भिया! ये लाल टोपी? पार्टी बदल ली क्या?" कोणी जॅक आणला, तो बसेना. दुसऱ्यानं आणला, त्यावर पहिल्याचं आणि दुसऱ्याचं वाजलं. एकानं त्रिविक्रमला विचारलं, दूल्हा आप हो? मग पगार किती, आणि अमेरिकेत घर स्वतःचं की किरायाचं. समोरच्या ठेल्यावरून न सांगता पोहे आले, वर शेव, वर जिरावण मसाला. कोपऱ्यावरचा एक मास्तर डेलला पकडून विचारत होता की तुमच्याकडे इतके पैसे असून मतमोजणीला इतके दिवस का लागतात.

डेल गोंधळून उभा. हातात पोह्यांचा द्रोण. खाल्ला, द्रोण कुठं टाकावा कळेना, आणि त्याच्या गावी टाकत असतील तसा त्यानं तो रस्त्याच्या कडेला टाकला.

झालं! स्कूटीवरची एक बाई, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, ब्रेक मारून उभी. "ओ अंकल! इंदौर में नए आए हो क्या? डस्टबिन किसके लिए है? उठाओ!"

"काय म्हणते ती?" डेलनं उर्वीला विचारलं.

उर्वीनं डोळे मिटून सांगितलं. "म्हणते, उचला."

सहा फुटी डेल गुलाबी फेट्यासकट वाकला, द्रोण उचलला, डब्यापर्यंत चालत गेला. बाई तो आत पडेपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "हां, ऐसे," आणि गेली.

"तुमची नातेवाईक?" डेलनं विचारलं.

"नाही. कोण जाणे कोण."

"मग मला का रागावली?"

प्रताप लाल टोपी सावरत पुढे झाला. "व्हिलेज, सर."

डेल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्या जमावाकडे. जॅकवरून अजून भांडण चालू होतं, आणि मागे गाड्यांची रांग, पण हॉर्न वाजवणारेसुद्धा उतरून सल्ला द्यायला येत होते. डेलच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं, ते आधी खांद्यात आलं, मग फेट्यात. त्यानं बॅग प्रतापच्या हातात दिली, बाह्या वर केल्या, दोन्ही जॅकवाल्यांना बाजूला सारलं आणि डांबरावर गुडघे टेकून स्वतः चाक काढायला बसला. "वा अंकल, वा!" पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.

हात काळे करून उठला तो सरळ उर्वीपुढे आला. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, तुम्हा गावाकडच्या लोकांना. पोरी, तू तर माझ्याहून गावाकडची निघालीस."

उर्वी हसत होती की रडत होती, मला चष्म्याशिवाय कळलं नाही. त्यानं तिला जवळ घेतलं आणि तिच्या नव्या साडीवर ग्रीसची पाचही बोटं उमटली. साडी माझ्या पैशांची होती. मी काही बोलले नाही, यावरून प्रसंग ओळखा.

घरी आलो. प्रतापनं त्यांना आधी स्वयंपाकघरात नेलं, नकाशा दाखवायला. डेलनं आपली काउंटी शोधली. लालभडक. "हे काय आहे, रंग?" प्रतापनं कुंकवाचा करंडा दाखवला. डेलला ते फार आवडलं. मग प्रताप सुरू झाला. शहर निळं, खेडं लाल, आणि चूल एक, मत एक.

लिंडा इतका वेळ बोलली नव्हती. तिनं चष्मा वर केला. "तो निळा कुठं आहे?"

मी निळीची डबी दिली. तिनं बोट बुडवलं, नकाशाजवळ गेली आणि त्या लालभडक काउंटीच्या मधोमध एक छोटासा निळा ठिपका दिला. अगदी नीट, टाका घातल्यासारखा.



"कधीपासून?" डेलनं विचारलं.

"पुष्कळ दिवसांपासून," लिंडा म्हणाली. "तू कधी विचारलं नाहीस."

प्रतापचं तोंड उघडं. मी त्याच्याकडे बघितलं. "तीस वर्षं," मी म्हटलं. "पडद्याबाहेर."

डेल एका स्टुलावर बसला. फेटा उतरवला. बायकोकडे बघितलं, जशी ती आत्ताच कोणत्या तरी गावाहून आली असावी. मग म्हणाला, "नऊशे माणसांच्या गावात मला वाटत होतं, मला प्रत्येकाचं मत माहीत आहे." आणि पुन्हा ते पोटातलं हसू. लिंडाही हसली, तिच्यामागे त्रिविक्रम, आणि शेवटी माझा भाऊ, ज्याचा आवाज चार घरांपलीकडे गेला.

लिंडाच्या बोटाचा डाग साबणानं निघेना. दुसऱ्या दिवशी मांडवात अक्षता टाकायला तिनं हात वर केला, तेव्हा ते निळं बोट सगळ्यांना दिसलं. आमच्याकडे मत दिलेल्या माणसाचं बोट कसं दिसतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळं कार्यालय तिच्याकडे बघत होतं. प्रताप पुढे झाला, तीस वर्षांच्या सवयीनं ते बोट हातात धरून तपासलं, आणि मंगलाष्टकांच्या वरताण आवाजात म्हणाला, "व्होट झालंय मॅडमचं! नेक्स्ट!"

डेल तिच्या शेजारीच उभा होता. त्यानं ताबडतोब आपलं बोट पुढे केलं.